जुने मेसेज भंगारात घालू नका, न्यूज सर्व्हरात जसेच्या तसे भरा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात पाणी किती दिवसाआड येतं, रस्ते कसे झालेत यावर पत्रं येतात आणि ती यायलाच पाहिजेत, पण मला आज वेगळ्याच गोष्टीवर लिहायचंय, आणि पत्र लांबलंय. कापायचं असेल तर खुशाल कापा, फक्त मधला कमांडचा भाग ठेवा, कारण ज्याला हे काम करायचंय त्याला तोच भाग लागणार आहे.

मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. आमच्याच शहरातल्या एका संस्थेनं (नाव लिहीत नाही, कुणाला दुखवायचं नाही) त्यांचा जुना मेल सर्व्हर हार्डडिस्कसकट भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याच्यावर माजी विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्टचे वर्षानुवर्षांचे मेसेज होते. पुण्याला नोकरी लागलेला पोरगा मागच्या बॅचला इंटरव्ह्यूत काय विचारलं ते सांगतोय, कुणी सिव्हिल हॉस्पिटलात रक्त पाहिजे म्हणून रात्री मेसेज टाकलाय आणि त्याच्याखाली लगेच पाच जणांची नावं आलीत, कुणी पॉवरलूमच्या डिझाइनचा प्रोग्राम लिहून सगळ्यांना फुकट दिलाय, गड्ड्याच्या जत्रेला कोण कोण येणार त्याची चर्चा. हे सगळं किलोच्या भावानं गेलं, कारण "हे कशात उघडतं आणि कुठं ठेवायचं" हे कुणालाच माहीत नव्हतं. मला याचं खरंच फार वाईट वाटतं. तशा डिस्क आणि सीडी शहरात अजून कितीतरी कपाटांत पडून असतील, त्या वाचवता येतात, त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एका जुन्या पीसीवर चालतं, एवढंच मला आपल्या वाचकांना सांगायचंय.

न्यूज सर्व्हर म्हणजे बातम्यांचा नव्हे, चर्चेच्या मेसेजचा सर्व्हर. युझनेट नावाची जी जुनी व्यवस्था आहे ती १९७९ मध्ये अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना सुचली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीतल्या स्टीव्ह बेलोव्हिननं तिचा पहिला प्रोग्राम शेल स्क्रिप्टमध्ये लिहिला, आणि टेलिफोनच्या तारेवरून एक मशीन दुसऱ्या मशीनला फोन लावून मेसेजचे गठ्ठे द्यायचं. आपल्याकडं सामान्य माणसाला इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळायला लागलं, त्यानंतर परदेशातली आणि इथली मराठी माणसं सोक.कल्चर.इंडियन.मराठी या ग्रुपात रोमन लिपीत मराठी टाइप करून भांडायची, कविता टाकायची, रेसिप्या विचारायची. गूगल ग्रुप्सनं २२ फेब्रुवारी २०२४ पासून युझनेटचे नवे मेसेज घेणं बंद केलं आणि याहू ग्रुप्स तर १५ डिसेंबर २०२० ला पूर्णच बंद झाले. म्हणजे दुसऱ्याच्या घरात ठेवलेली ट्रंक, घरमालकानं घर बंद केलं की गेली. म्हणून आपल्या गावातला ठेवा आपल्या गावातल्या मशीनवर असावा असं माझं ठाम मत आहे.

आता मुद्द्यावर येतो. सर्व्हर उभा करणं हे अवघड काम नाहीये. डेबियन किंवा उबुंटू या लिनक्सवर आयएनएन नावाचं न्यूज सर्व्हरचं पॅकेज मिळतं, लीफनोड नावाचं छोटं मिळतं, एका संध्याकाळी उभं राहतं. खरं काम असतं ते जुने मेसेज त्यात नेण्याचं, आणि तिथंच लोक चुकीच्या दारानं आत जातात.

न्यूज सर्व्हरला मेसेज घेण्याची दोन दारं आहेत. एक दार पोस्ट करण्याचं, म्हणजे आपण नवीन मेसेज लिहून पाठवला की सर्व्हर तो तपासतो, मेसेज-आयडी (त्या एकाच मेसेजचं ओळखपत्र) नसेल तर स्वतःचा घालतो, कुणी कधी कुठून टाकला ते हेडरमध्ये, म्हणजे मेसेजच्या वरच्या माहितीच्या ओळींत, लिहितो आणि मग ग्रुपात लावतो. दुसरं दार एका सर्व्हरनं दुसऱ्या सर्व्हरला माल देण्याचं. तिथं मेसेज जसा आहे तसा आत जातो, सर्व्हर फक्त पाथच्या ओळीत (मेसेज कुठल्या कुठल्या सर्व्हरवरून आला ती ओळ) आपलं नाव जोडतो आणि ग्रुपातला नंबर देतो, बाकी मूळ माणसाचं नाव, मूळ तारीख, मूळ आयडी सगळं शाबूत. जुना साठा भरायचा तर तो या दुसऱ्याच दारानं भरला पाहिजे. मी असं पाहिलंय की कुणीतरी उत्साही पोरगं एक स्क्रिप्ट लिहितं आणि २००३ सालचे सगळे मेसेज आजच्या तारखेनं, स्वतःच्या नावानं धडाधड पोस्ट करून मोकळं होतं. मजकूर राहतो हो, पण कोण बोललं, कधी बोललं, कुणाला उत्तर म्हणून बोललं हे पुसलं जातं, आणि मग त्या साठ्याला अर्थ उरत नाही.

या दुसऱ्या दाराची कमांड म्हणजे आरन्यूज. आयएनएनबरोबर येते, न्यूज या युजरनं चालवायची. तिला इनपुटवर एकच मेसेज दिला तर ती एक मेसेज समजून आत ढकलते, आणि गठ्ठा दिला तर गठ्ठा फोडते. गठ्ठ्यात प्रत्येक मेसेजच्या आधी एक ओळ असते, # ही खूण, उद्गारचिन्ह, मग आरन्यूज हा शब्द आणि पुढं आकडा. तो आकडा म्हणजे पुढचा मेसेज किती बाइटचा आहे ते. इथं मराठी माणसानं नीट लक्ष द्यायला पाहिजे कारण तो आकडा अक्षरांचा नाही, बाइटचा असतो. "सोलापूर" हा शब्द वाचताना चार अक्षरं आहेत, कॉम्प्युटरच्या हिशेबात काना मात्रा उकार धरून सात खुणा होतात, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीची एकेक खूण तीन बाइट घेते म्हणून एकूण २१ बाइट. इंग्रजी मेसेजवर तपासलेली स्क्रिप्ट अक्षरं मोजत असली तरी बरोबर चालते कारण तिथं एक अक्षर म्हणजे एक बाइट, आणि तीच स्क्रिप्ट पहिला मराठी मेसेज आला की आकडा कमी लिहिते, आरन्यूज मेसेज मध्येच तोडते आणि उरलेल्या शेपटीला पुढचा मेसेज समजायला जाते. डब्ल्यूसी कमांडला मायनस सी दिलं तर बाइट मोजते, मायनस एम दिलं तर अक्षरं मोजते, तेव्हा सी वापरा. आपल्या गावात तर मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू सगळ्या भाषांत मेसेज असतात, तेलुगू कन्नडचंही तीन बाइटचंच गणित आहे, उर्दूचं अक्षर बहुतेक दोन बाइटचं, त्यामुळं अंदाजानं गुणाकार करू नका, मोजूनच लिहा.

ओळीच्या लांबीचंही तसंच आहे. मेसेजच्या एका ओळीत ९९८ बाइटपेक्षा जास्त नको असा नियम आहे, म्हणजे देवनागरीच्या साधारण ३३२ खुणा. आपण मराठीत एंटर न मारता अख्खा परिच्छेद एका ओळीत टाइप करतो, तो सहज याच्या पुढं जातो. असे मेसेज बेस-६४ किंवा कोटेड-प्रिंटेबल या मेलसाठी मजकूर साध्या इंग्रजी खुणांत बांधायच्या पद्धतींत बांधलेले असतील तर काही प्रश्न नाही कारण बांधताना ओळी आपोआप छोट्या होतात, ते तसेच जाऊ द्या, सोडवायच्या भानगडीत पडू नका.

आता साठा बहुतेक वेळा कशात असतो तर एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये. एकाखाली एक सगळे मेल चिकटवलेले, प्रत्येक मेल "फ्रॉम" आणि त्याच्यापुढं स्पेस अशा ओळीनं सुरू होतो. ही फाइल फोडायला फॉरमेल नावाची कमांड आहे, प्रोकमेलच्या पॅकेजमध्ये येते. मायनस एस दिलं की ती फाइल फोडते आणि एकेक मेसेज तुम्ही सांगाल त्या कमांडला देते. कॅपिटल आय दिलं की हेडर बदलते किंवा काढून टाकते. मेलमध्ये न्यूजग्रुपची ओळ नसते, पाथची ओळ नसते, आणि न्यूज सर्व्हरला दोन्ही लागतात, नाहीतर तो मेसेज परत करतो, तेव्हा त्या घालायच्या. आणि ती पहिली "फ्रॉम स्पेस" वाली ओळ काढायची कारण ते हेडर नाहीच, ती फक्त एमबॉक्सची खूण आहे. कुणाच्या मजकुरातच ओळीच्या सुरुवातीला हा इंग्रजी शब्द आला असेल आणि जुन्या प्रोग्रामनं त्याच्या आधी > हे चिन्ह घातलं नसेल तर तिथं एका मेलचे दोन होतात, म्हणून फोडून झाल्यावर ज्या तुकड्याला तारीख नाही, पाठवणारा नाही असे तुकडे वेगळे काढून डोळ्यांनी बघायचे. हे काम कंटाळवाणं आहे पण दुसऱ्या कुणावर सोपवू नका.

मेसेज-आयडी हा सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे. सर्व्हर प्रत्येक आयडी आपल्या हिस्टरी फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि तोच आयडी परत आला तर घेत नाही. न्यूज सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात त्या एनएनटीपी या प्रोटोकॉलमध्ये (१९८६ सालचा, सुधारलेला २००६ चा, पोर्ट ११९) एक सर्व्हर दुसऱ्याला म्हणतो आय-हॅव, माझ्याकडं हा मेसेज आहे, घेणार का, समोरचा ३३५ म्हणाला तर पाठव, ४३५ म्हणाला तर नको, ४३६ म्हणाला तर नंतर बघू, आणि पाठवल्यावर २३५ आलं तर मिळाला, ४३७ आलं तर नाकारला, परत आणू नकोस. इतकं सरळ बोलणं आहे. याचा आपल्याकडं फार मोठा फायदा आहे, साहेब. आमच्या भागात भरताना मध्येच लाइट गेली, यूपीएसची बॅटरी आधीच मेलेली, तर काही बिघडत नाही. लाइट आल्यावर तोच गठ्ठा पहिल्यापासून परत द्यायचा, जे आत गेलेत ते सर्व्हर नाकारतो, राहिलेले घेतो, एकही डबल होत नाही. आणि सर्व्हरच बंद असेल तर आरन्यूज गठ्ठा इनकमिंगच्या फोल्डरात ठेवते, सर्व्हर चालू झाल्यावर कॅपिटल यू देऊन ती चालवली की ठेवलेलं सगळं आत सोडते.

पण काही जुन्या मेलला आयडीच नसतो. तिथं मनानं काहीतरी रँडम आयडी घालायची सगळ्यांची सवय असते आणि तिथंच घोळ होतो, कारण गठ्ठा परत दिला की परत नवा रँडम आयडी तयार होतो आणि सर्व्हरला तो नवाच मेसेज वाटतो. त्याऐवजी मूळ मेसेजचा हॅश, म्हणजे मजकुरावरूनच निघणारा आणि त्याच मजकुराला दरवेळी तोच येणारा लांबलचक आकडा, काढायचा, शा-२५६ सम ही कमांड प्रत्येक लिनक्सवर असते, आणि तो हॅश, पुढं ॲट, पुढं आपल्या संस्थेचं डोमेन असा आयडी करायचा. मग किती वेळा चालवा, त्याच मेसेजला तोच आयडी मिळतो. हॅश मात्र हेडरमध्ये काही घालायच्या काढायच्या आधी काढायचा, नाहीतर एक ओळ बदलली की सगळे आयडी बदलतात.

उत्तरांची साखळी न्यूजमध्ये रेफरन्सेस या हेडरवरून जुळते. पुष्कळ जुन्या मेलमध्ये ते हेडर नसतं, फक्त इन-रिप्लाय-टू असतं. तेव्हा रेफरन्सेस नसेल तिथं इन-रिप्लाय-टू मधला आयडी रेफरन्सेसमध्ये लिहायचा. हे केलं नाही तर रक्त पाहिजे म्हणणारा मेसेज एकीकडं आणि "मी येतो" म्हणणारे पाच जण ग्रुपभर विखुरलेले, असं दिसतं.

आणि क्रम. सर्व्हर ज्या क्रमानं मेसेज येतील त्या क्रमानं नंबर देतो, तारखेनुसार नाही, म्हणून भरायच्या आधी तारखेनुसार लावून घ्यायचे. फक्त पाठवणाऱ्याच्या तारखेवर विसंबू नका, त्या काळी कितीतरी पीसींचे बोर्डावरचे सेल उतरलेले असायचे आणि मेलवर तारीख पडायची १ जानेवारी १९८०. मेल पोचला त्या सर्व्हरनं रिसीव्हडच्या ओळीत घातलेली वेळ जास्त भरवशाची, क्रम त्यावरून लावा, मूळ तारखेला हात लावू नका. क्रम लावून झाला की मग रिसीव्हडच्या ओळी काढून टाका, त्यात लोकांच्या घरच्या कनेक्शनचे आयपी नंबर असतात, ते चारचौघांत कशाला.

एवढं सगळं बरोबर करून आरन्यूजला दिलं तरी पहिल्या दिवशी सगळे मेसेज नाकारले जातील, आणि इथं माणूस निराश होऊन सोडून देतो म्हणून मुद्दाम लिहितो. आयएनएनच्या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये आर्टकटऑफ नावाची ओळ आहे, तिची ठेवलेली किंमत १०, म्हणजे दहा दिवसांपेक्षा जुना मेसेज घ्यायचा नाही. जगभरातून येणाऱ्या मेसेजसाठी ते बरोबरच आहे, पण आपल्याला २० वर्षांपूर्वीचे घ्यायचेत, तर भरेपर्यंत ती किंमत शून्य करायची, शून्य म्हणजे वय बघूच नको. ग्रुपही आधी उघडलेला असला पाहिजे, सीटीएल-आयएनएनडी या कमांडला न्यूग्रुप सांगून. आणि एक्स्पायरच्या फाइलमध्ये त्या ग्रुपापुढं नेव्हर लिहायचं, नाहीतर रोज रात्री झाडलोट करणारा प्रोग्राम आपण कष्टानं भरलेलं काढून टाकेल. बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला हा ग्रुप जाणार नाही हेही न्यूजफीडच्या फाइलमध्ये बघून घ्या.

साठवण्याची पद्धत निवडताना माझा आग्रह ट्रॅडस्पूलचा. त्यात प्रत्येक मेसेज ही एक साधी टेक्स्ट फाइल असते, ग्रुपाच्या नावाचं फोल्डर आणि आत १, २, ३ अशा नंबरच्या फाइली. दुसऱ्या पद्धती मोठ्या सर्व्हरला वेगवान पडतात, त्यात जागा भरली की जुन्यावर नवं लिहिणारीही एक आहे, ती तर आपल्याला अजिबात नको. ट्रॅडस्पूल असेल तर उद्या आयएनएन नसलं, न्यूज वाचायचा प्रोग्राम नसला, तरी कॅट आणि ग्रेप या कमांडनं ते वाचता येतं. जागेची चिंता नको, एक मेसेज सरासरी चार केबीचा धरला तरी १ लाख मेसेज म्हणजे ४०० एमबी, एका लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमी.

आयएनएन मोठं वाटत असेल तर लीफनोड आहे, नॉर्वेच्या आर्न्ट गुलब्रँडसेननं सुरू केलेलं, छोट्या जागेसाठी, हळू इंटरनेटसाठी. त्यात फेचन्यूज ही कमांड वरच्या सर्व्हरवरून मेसेज आणते आणि आपले लिहिलेले वर नेते, टेक्सपायर जुने काढते. जो ग्रुप कुणी काही दिवस वाचत नाही तो आणायचंच ते बंद करतं, म्हणजे फुकट डेटा जात नाही. पण ते मुळात दुसरीकडून आणून वाचण्यासाठी आहे, स्वतःचा साठा भरण्यासाठी मी आयएनएनच सुचवीन. एसएन नावाचा आणखी छोटा सर्व्हर होता, त्याची रचना मला फार आवडते, आणायची एक कमांड, ठेवायची एक, पाठवायची एक, जुने काढायची एक, आणि ठेवणारी कमांड इनपुटवर जे येईल ते घेते, म्हणून कुठलीही स्क्रिप्ट तिला पाइपनं जोडता येते. बाकी सक नावाची कमांड एखाद्या सर्व्हरवरून ग्रुपचे ग्रुप खेचून आणते, पुलन्यूज तेच आयएनएनबरोबर मिळतं, आणि मेलपोस्ट ही रोज येणारी मेल ग्रुपात टाकायला. नवीन मेल मेलपोस्टनं, जुना साठा आरन्यूजनं, एवढं धरून चाला.

ही कामं पायथॉनमध्ये करणाऱ्या पोरांसाठी एक सूचना. पायथॉनची एनएनटीपी-लिब ही लायब्ररी ३.१३ या आवृत्तीपासून काढून टाकलीय, ऑक्टोबर २०२४ मध्ये. नेटवरच्या जुन्या स्क्रिप्टी नव्या पायथॉनवर पहिल्याच ओळीला पडतात. एमबॉक्स वाचायची मेलबॉक्स लायब्ररी अजून आहे, तेव्हा फोडणं, लावणं, हेडर सुधारणं पायथॉनमध्ये करा आणि शेवटी गठ्ठा आरन्यूजला द्या. तुमच्या प्रोग्रामला नेटवर्कचं काही बोलायलाच लागत नाही, ओळीच्या सुरुवातीचा टिंब डबल करा वगैरे नियमही पाळायला लागत नाहीत, ते सगळं आरन्यूज बघते.

मला या गठ्ठ्यांची सर्वांत जास्त आवडणारी गोष्ट अशी की त्याला नेटवर्क लागतच नाही. गठ्ठा म्हणजे एक फाइल. ती गझिपनं दाबा, पेनड्राइव्हवर घाला, बार्शीला, करमाळ्याला, मंगळवेढ्याला एसटीनं जाणाऱ्या माणसाच्या हातात द्या, तिथल्या वाचनालयातल्या पीसीवर आरन्यूजला दिली की सोलापूरच्या ग्रुपातलं सगळं तिथं, आणि तिथल्या लोकांनी लिहिलेलं पुढच्या फेरीला इकडं. पहिल्या काळात अमेरिकेत रात्री फोनचे दर उतरले की मशीनं असेच गठ्ठे एकमेकांना द्यायची, तिथं तार होती, इथं एसटी. आयडीमुळं कोण किती वेळा काय घेऊन आलं तरी डबल होत नाही. तालुक्याच्या वाचनालयांनी हे करून बघावं असं मला मनापासून वाटतं, चर्चा शेतीची असो, यंत्रमागाची असो की स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांची. वाचायला थंडरबर्ड पुरतं, मराठी नीट दाखवतं, ज्याला टर्मिनल आवडतं त्याला टिन आणि स्लर्न आहेत.

लोक मला विचारतात की सगळं झिप करून कुठल्यातरी ड्राइव्हवर टाकलं तर काय वाईट. टाका ना, तेही टाका, मूळ फाइलीची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवलीच पाहिजे. पण झिप कुणी उघडून वाचत नाही. ग्रुप कुणीही उघडून वाचतो, साखळी जुळलेली असते, आणि जुन्या मेसेजला आज उत्तर देता येतं. आमच्याकडं भरलेल्या साठ्यात सध्याच्या पोरांनी जुन्या बॅचच्या प्रोजेक्टचे प्रश्न वाचले आणि त्याच मेसेजखाली नवे प्रश्न विचारले, आणि ज्यांनी तेव्हा लिहिलं होतं त्यातल्या काहींनी उत्तरंही दिली. मला तो दिवस फार आनंदाचा गेला.

एक गोष्ट जबाबदारीची. खाजगी मेल आणि लिस्टवरची मेल वेगळी. जे लिस्टवर सगळ्यांसाठी लिहिलं होतं तेच भरा, आधी सदस्यांना कळवा, कुणी माझं काढा म्हणालं तर काढा, फोन नंबर आणि घरचे पत्ते झाकून टाका. सर्व्हर संस्थेच्या आतल्या नेटवर्कपुरताच ठेवला तर उत्तम. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर असेल तर तो युनिकोडमध्ये बदलायची घाई करू नका, मूळ मेसेज तसाच भरा आणि बदललेला मजकूर त्याला उत्तर म्हणून खाली जोडा, म्हणजे बदलताना काही चुकलं तरी मूळ हाताशी राहतं.

संपादक साहेब, माझी आपल्याला विनंती एवढीच की आपल्या पेपरात दोन ओळींचं आवाहन छापावं. शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या कॉलेजांनी, वाचनालयांनी, यंत्रमागवाल्यांच्या आणि चादर-टॉवेलवाल्या व्यापाऱ्यांच्या संघटनांनी जुना पीसी किंवा सर्व्हर भंगारात देण्याआधी त्यातली मेलची फोल्डरं एकदा बघावीत, एमबॉक्स किंवा आउटलुकच्या पीएसटी नावानं संपणाऱ्या फाइली असतील तर त्यांची प्रत काढून ठेवावी. पीएसटी फाइल एमबॉक्समध्ये बदलायला रीड-पीएसटी ही कमांड लिनक्सवर फुकट मिळते. आणि कॉम्प्युटर शिकवणाऱ्या सर-मॅडमना विनंती, शेवटच्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी तेच ते हॉटेल मॅनेजमेंटचे आणि लायब्ररी मॅनेजमेंटचे प्रोजेक्ट देण्यापेक्षा एका संस्थेचा साठा असा भरून द्यायला सांगा, त्यात फाइल, प्रोटोकॉल, युनिकोड, हॅश, शेल सगळं हातानं शिकून होतं. ज्यांना सुरुवात कुठून करायची कळत नाही त्यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवावी, ती माझ्यापर्यंत पोचली तर मी सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन बसवून देईन, पैसे नकोत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक लॅब असिस्टंट, सोलापूर